हिंदुस्थानी व्हायोलिन : महाराष्ट्रातल्या तरुण वादकांची तालीम आणि मैफल

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात व्हायोलिन शिकून त्यावरच उभं राहू बघणाऱ्या मुलामुलींबद्दल ही नोंद आहे, म्हणजे साधारण सहा-सात वर्षांच्या वयात क्लासला जायला लागल्यापासून ते स्वतःच्या नावावर मैफली मिळायला लागेपर्यंतचा काळ. कर्नाटक संगीतात जवळपास प्रत्येक गायकाच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, व्हायोलिन लागतंच, त्यामुळे तिकडच्या तयार मुलाला साथीचं काम मिळत राहतं आणि मंचावर बसायची सवय लवकर होते. आपल्याकडे ती जागा हार्मोनियमची आहे. हा एक फरक लक्षात ठेवला की इथल्या तरुण वादकाची सगळी धडपड कशासाठी आहे ते समजतं.

व्हायोलिन युरोपियनांबरोबर आलं आणि बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांच्या काळात दक्षिणेत रुजलं, उत्तरेकडच्या संगीतात त्याला मान मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं आणि त्यात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) मुळात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई, त्यांनी गळ्यातलं गाणं तारांवर आणलं. वाईचे वि. गो. जोग (१९२२–२००४) यांनी गायकीला तंतकारीची (तंतुवाद्यांच्या खास वादनशैलीची) आणि लयकारीची (लयीशी खेळण्याची) जोड दिली, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या आजही ऐकल्या जातात. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, कुरुंदवाडचे दा. के. दातार (१९३२–२०१८) हेही याच काळातले. दातारांनी गायक द. वि. पलुस्करांना साथ केली होती आणि त्यांच्या वादनात ते गाणं स्पष्ट ऐकू येतं. एन. राजम् मूळच्या दक्षिणेतल्या, वडील ए. नारायण अय्यर यांच्याकडे लहानपणापासून कर्नाटक पद्धतीचं शिक्षण झालेल्या, पण पुढे गवई ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांनी गायकी अंग, म्हणजे गाण्यासारखं वाजवणं, इतकं पक्कं केलं की आजचा बहुतेक प्रत्येक विद्यार्थी कळत-नकळत त्यांचं काहीतरी घेतोच. मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी अशा तीन पिढ्या एकाच मंचावर बसून वाजवतात, आणि राजम् यांची भाची कला रामनाथ पुढे गायक पंडित जसराजांकडे शिकली.

या यादीत एक गोष्ट सगळीकडे दिसते, यातला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्यातरी गवयाकडे बसलेला आहे.

आणि तालमीचं मर्म तेच आहे. सुरुवातीला मुलाच्या हाताच्या मापाचं, पाव, अर्धा किंवा पाऊण साइजचं व्हायोलिन घेतात, मग उंची वाढली की फुल साइज. मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे, त्याच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं आणि दुसरं टोक डाव्या खांद्या-छातीपाशी. असं धरलं की डाव्या हाताला वाद्याचं ओझं पेलावं लागत नाही, हात तारेवर वरखाली मोकळा सरकतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाणं, निघते. चारही तारा षड्ज-पंचमात (सा आणि प) लावलेल्या असतात. पट्टीवर पडदे नाहीत, त्यामुळे सूर कुठे आहे ते कानानेच शोधायचं, एका केसाने बोट सरकलं तरी बेसूर. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं नुसता लांब गज (तारेवर फिरवायची काठी) ओढणं, सा धरून ठेवणं, पलटे, अलंकार असे सुरांचे सराव यातच जातात, घरच्यांना तो आवाज सहन करावा लागतो आणि इथेच बरीच मुलं सोडतात. माझ्या मते हा काळ वाद्य शिकण्याइतकाच ऐकायला शिकण्याचा आहे. तानपुरा ॲप सगळ्यांकडे असतं, पण तानपुऱ्यात आपला सूर मिसळला की नाही हे ॲप सांगत नाही, ते गुरूच सांगतात.

यानंतर खरा प्रश्न येतो. राग वाजवायचा तर आधी गाता यायला हवा. चांगले गुरू बंदिश आधी म्हणून घेतात, शब्दांसकट, कारण कुठल्या अक्षरावर गज बदलायचा आणि कुठे एकाच गजात तीन सूर बांधायचे हे शब्दांवरून ठरतं. 'एरी आली' वाजवताना 'एरी' एका गजात आला नाही तर ती बंदिश राहतच नाही, नुसती स्वरांची रांग होते. ज्यांना फक्त हाताची तयारी आहे ते द्रुत तानांनी टाळ्या घेतात पण विलंबित (संथ लयीच्या) ख्यालात वीस मिनिटांनी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे व्हायोलिनचे गुरू एक आणि गाण्याचे गुरू दुसरे अशी दुहेरी तालीम घेणारे बरेच आहेत. मिलिंद रायकर हे याचं चांगलं उदाहरण, दातारांकडे व्हायोलिन आणि किशोरीताई आमोणकरांकडे गाणं, पुढे किशोरीताईंना साथही, आणि आता त्यांचा मुलगा यज्ञेश तीच वाट पुढे नेतोय.

परीक्षांचं एक वेगळं जग आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, नंतर अलंकार. दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून क्लास भरलेले असतात, पण विशारद झालेला मुलगा मैफल करू शकतो असं अजिबात नाही, आणि हे पालकांना आधीच सांगायला हवं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात पदवी घेण्याचा रस्ता आहे. पुण्यात अतुलकुमार उपाध्ये यांच्या व्हायोलिन ॲकॅडमीने शिकवण्याबरोबर स्वरझंकार महोत्सवही उभा केला.

मंचापर्यंत पोचायचे टप्पे बरेचसे ठरलेले आहेत. दहा ते चौदा वयात सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती, सोळा ते चोवीस वयात आकाशवाणीची संगीत स्पर्धा, अठरा ते पंचवीस वयात केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची शिष्यवृत्ती जी महिना ५,००० रुपये दोन वर्षं मिळते, आणि चाळिशीच्या आत उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार. आकाशवाणीच्या ऑडिशनमध्ये बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात आणि बायोडेटात आजही ती श्रेणी पहिल्या काही ओळींत लिहिली जाते. याच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी घातली होती, त्या काळात साथीला सारंगी आणि व्हायोलिन असायचं, पण बंदी उठली आणि गवयांच्या बैठकांमध्ये हार्मोनियमच पक्की झाली. नुकसान झालं ते नव्या वादकांचं. साथ करताना मोठ्या गवयाचा राग रोज दोन तास जवळून ऐकायला मिळतो, त्याच्या मागे जाता जाता बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, कशी करायची ते कळतं, असं शिक्षण कुठल्या क्लासात मिळत नाही. आज ज्या थोड्या मुलांना गायकाबरोबर बसायला मिळतं त्यांचं स्वतंत्र वादनही लवकर पिकतं, असं मला ठामपणे वाटतं.

मग पोट कशावर? मोठ्या महोत्सवात, म्हणजे १९५३ पासून पुण्यात चालणारा सवाई गंधर्व महोत्सव घ्या, एकूण कलाकारच मोजके आणि त्यात गायन, सतार, सरोद, बासरी, संतूर सगळ्यांना जागा द्यायची, व्हायोलिनच्या वाट्याला किती येणार. त्यामुळे बहुतेकांची मिळकत शिकवण्यातून आणि सुगम संगीतातून होते. भावगीतांचे कार्यक्रम, नाट्यसंगीत, रेकॉर्डिंग, फ्यूजन बँड. यात कमीपणा अजिबात नाही, प्रभाकर जोगांनी (१९३२–२०२१) 'गाणारं व्हायोलिन' घराघरात नेलं ते याच वाटेने, आणि शब्द तारेतून ऐकू आणायची त्यांची हातोटी शास्त्रीयवाल्यांनीही अभ्यासावी अशीच आहे. अडचण वेळेची असते. महिन्यात पंधरा शो केले की विलंबिताचा रियाज मागे पडतो आणि तो परत लागायला महिने जातात.

पाश्चात्य शास्त्रीय व्हायोलिनचा प्रवाह वेगळा, मुंबई आणि गोव्यात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं आणि तिथलेच वादक हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात आले. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी उभी केली, २००६ मध्ये तिथल्याच एनसीपीए या कलाकेंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, पण त्यातले बरेच वादक आजही परदेशातून येतात. इकडच्या मुलांना तिथे बसायचं तर बहुधा बाहेर जाऊन शिकावं लागतं.

दोन्ही प्रवाहांत गळती सगळ्यात जास्त होते ती अकरावी-बारावीत. नेमक्या त्याच वयात हात बसलेला असतो आणि रोज चार तास लागतात, तेव्हाच क्लासेस आणि प्रवेश परीक्षा समोर येतात. काही घरं बारावीनंतर एक वर्ष थांबून रियाजाला देतात, काही जण इंजिनिअरिंग करत पहाटे वाजवतात, आणि अशांपैकी काहीजण नोकरी सांभाळून पुढेही मैफली करत राहतात.