बैलगाडीवरचा उपग्रह आणि तापीवरची लिंक

परवा पोळ्याला गावाच्या ग्रुपवर तो फोटो परत फिरला, बैलगाडीवर ठेवलेला इस्रोचा ॲपल हा दळणवळण उपग्रह, आणि खाली लिहिलेलं की बघा, इस्रोकडे ट्रकलाही पैसे नव्हते. 32 वर्षं मायक्रोवेव्हच्या, म्हणजे टॉवरवरून टॉवरला रेडिओ लहरींनी संदेश पाठवायच्या कामात काढलीत मी, जळगाव-भुसावळकडचे टॉवर चढलोय, त्यामुळे असं वाचलं की राहवत नाही. ती गाडी गरिबीमुळे नव्हती हो, लाकडाची होती म्हणून होती! अँटेनाची टेस्ट करायची होती आणि जवळपास धातू नको होता.

धातूनं काय बिघडतं ते सांगतो, कारण माझी निम्मी नोकरी याच गोष्टीशी झगडण्यात गेली. अँटेनातून निघालेली एक लहर सरळ रिसीव्हरला पोचते, दुसरी कुठल्यातरी पत्र्यावर आपटून वळशानं पोचते. दोघी भेटतात तेव्हा शिखरावर शिखर आलं तर सिग्नल वाढतो, शिखरावर दरी आली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ॲपलचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रं, सी बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यातले, तिथे 4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, साडेसात सेंटीमीटर, म्हणजे वळसा फक्त दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी खेळ उलटतो. जीपच्या टपावर ठेवून मोजलं तर आपण अँटेना मोजतोय की जीप, हेच कळणार नाही.

आमची एक लिंक, म्हणजे दोन टॉवरमधला रेडिओ दुवा, तापीच्या फुगवट्यावरून जायची, 6 गिगाहर्ट्झ, 30 किलोमीटर, दोन्हीकडे डिश भरल्या पाण्यापासून 40 मीटरवर. पावसाळ्यानंतर पाणी तुडुंब असलं आणि पहाटे वारा पडलेला असला की लिंक बंद पडायची. शांत पाणी म्हणजे आरसाच. त्यात इतक्या तिरकस कोनात पाण्यावर आपटली की लहर उलटी होते, म्हणून तिथे वळशाचा फरक अख्ख्या तरंगलांबीएवढा आला की सिग्नल मरतो. पृथ्वीची गोलाई वजा करून हिशोब मांडला तर फरक निघाला जवळपास पाच सेंटीमीटर, आणि तरंगलांबीही पाचच! उन्हाळ्यात पाणी उतरलं की फरक बदलायचा आणि लिंक आपोआप सुधारायची.

तोवर टॉवरच्या पायाशी नारळ आणि लिंबू-मिरची ठेवून झालेली, साती आसरांचा कोप आहे म्हणे. मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो, कारण शिकलेली माणसं होती ती, कागद-पेन्सिल घेऊन बसली असती तर त्यांनाही उत्तर सापडलं असतं. उपाय काय केला, तर एका टॉवरवर दहा मीटर खाली दुसरी डिश बसवली. तिथे फरक तीनेक सेंटीमीटरचा, अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास येतो, म्हणजे वरची डिश आंधळी होते तेव्हा खालचीला बरोबर दिसतं, आणि रिसीव्हर चांगला सिग्नल निवडतो.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, मान्य, पण जीपच्या पत्र्यापुढे ती कितीशी. ॲपल 19 जून 1981 ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन रॉकेटवर उडाला. वर गेल्यावर त्याचं एक सोलर पॅनल उघडलंच नाही, तरी 36,000 किलोमीटरवरून तो दोन वर्षांहून जास्त काळ काम करत राहिला.