स्पॅनिश आत्मवाचक क्रियापदे: वर्तमान सुबहुन्तीबो रूपे

क्रियेचे फळ कर्त्यावरच येत असेल, तर स्पॅनिश कोशात ते क्रियापद शेवटी 'से' जोडून नोंदवतात: लेबान्तार्से (उठणे), बेस्तिर्से (कपडे घालणे), आकोस्तार्से (आडवे होणे). केहार्से (तक्रार करणे) यासारखी काही क्रियापदे तर 'से'वाचून वापरताच येत नाहीत. इच्छा, शंका, भावना किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगणाऱ्या उपवाक्यात ही क्रियापदे 'सुबहुन्तीबो' रूपे घेतात. मराठी विध्यर्थ याच्या बराच जवळचा आहे. 'तू लवकर उठावेस अशी माझी इच्छा आहे' हे वाक्य स्पॅनिशमध्ये 'किएरो के ते लेबान्तेस तेम्प्रानो' असे होते. साम्य पूर्ण मात्र नाही. 'तू उठशील तेव्हा' म्हणताना मराठीला भविष्यकाळ पुरतो. स्पॅनिशला तेथेही सुबहुन्तीबोच लागतो: 'क्वान्दो ते लेबान्तेस'.

शिकणारे सहसा सर्वनामाला बिचकतात. खरी कसोटी स्वरांची असते. मे, ते, से, नोस, ओस, से ही सर्वनामे स्वार्थात (साध्या विधानाच्या रूपांत) असतात तशीच राहतात आणि क्रियापदाआधी सुटी येतात. क्रियापदाचे रूप साधताना स्वार्थी वर्तमानातील 'मी'च्या रूपाचा अंत्य 'ओ' काढतात. क्रियापदाचा वर्ग कोशातल्या रूपातून 'से' वगळल्यावर उरणाऱ्या शेवटावरून ठरतो. मग 'आर' वर्गाला 'ए' आणि 'एर', 'इर' वर्गांना 'आ' लागतो. म्हणून मे लेबान्ते, ते लेबान्तेस, से लेबान्ते, नोस लेबान्तेमोस, ओस लेबान्तेइस, से लेबान्तेन. यांपैकी 'ओस'चे रूप स्पेनमध्येच चालते. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही सगळे' यासाठी 'से लेबान्तेन' म्हणतात.

'मी'च्या रूपातला अनियमितपणा सगळ्या पुरुषांत उतरतो: पोनेर्सेचे (अंगावर घालणे) 'मे पोंगो', त्यावरून मे पोंगा, ते पोंगास. इर्से (निघून जाणे) या नियमात बसत नाही. त्याची रूपे मे बाया, ते बायास अशी पाठच करावी लागतात. धातूतला स्वर बदलणाऱ्या क्रियापदांत 'आर' वर्ग 'आम्ही'च्या रूपात मूळ स्वर राखतो (मे आक्वेस्ते, पण नोस आकोस्तेमोस). 'इर' वर्ग मात्र तेथेही वेगळा बदल करतो: दोर्मिर्सेचे (झोपी जाणे) मे द्वेर्मा, नोस दुर्मामोस.

सर्वांत फसवी जोडी सेन्तार्से (बसणे) आणि सेन्तिर्से (वाटणे) यांची. स्वार्थात 'से स्येन्ता' म्हणजे 'तो बसतो' आणि 'से स्येन्ते' म्हणजे 'त्याला वाटते'. सुबहुन्तीबोत हीच दोन रूपे जागा बदलतात. 'एस्पेरो के से स्येन्ता ब्येन' म्हणजे 'त्याला बरे वाटावे अशी आशा आहे'. तेथे 'स्येन्ते' म्हटले, तर तो नीट बसावा असा अर्थ होतो. 'आम्ही'च्या रूपात ही गल्लत टळते: बसण्यासाठी नोस सेन्तेमोस, वाटण्यासाठी नोस सिन्तामोस.

आज्ञार्थातही हीच रूपे कामी येतात. नकारात सर्वनाम आधीच राहते: 'नो ते लेबान्तेस' (उठू नकोस). होकारात ते शेवटी चिकटते: आदरार्थी 'लेबान्तेसे' (उठा). 'चला, उठू या' म्हणताना सर्वनाम जोडण्याआधी 'स' गळतो आणि 'लेबान्तेमोनोस' होते. इर्से येथेही वेगळे: 'चला, निघू या' यासाठी रूढ शब्द 'बामोनोस', पण 'निघायला नको'साठी 'नो नोस बायामोस'.