दसरा चौकापासून फी समितीपर्यंत

कोल्हापुरातल्या एखाद्या विनाअनुदानित शाळेच्या संचालकांपुढे 'पुढच्या पाच वर्षांचा आराखडा' असा विषय काढून बघा. पहिला प्रश्न फीचा निघेल, दुसरा जागेचा. मुलांच्या शिकण्याची पाळी आली तर चहा झाल्यावर. यात संचालकांना फार बोल लावण्यात अर्थ नाही. शाळेचा पैसा कुठून येतो, यावर ती किती लांबचं बघते हे ठरतं, आणि या शहरात पैशाची वाट गेल्या सव्वाशे वर्षांत बरेचदा बदलली आहे.

सुरुवात दसरा चौकातून, म्हणजे शहरातल्या जुन्या बोर्डिंगांच्या (वसतिगृहांच्या) चौकातून करायला हवी. 1896 मध्ये शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं. कारभार ब्राह्मण मंडळींकडे होता आणि थोड्याच काळात बाकीच्या जातींची मुलं तिथे दिसेनाशी झाली. नियमात कुणालाच मज्जाव नव्हता, तरीही हे घडलं. मग महाराजांनी रीत बदलली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. पण कारभाराच्या बाजूने पाहिलं तर महाराजांना एक गोष्ट स्वच्छ कळली होती: दार उघडं ठेवून भागत नाही, किल्ली कोणाच्या कनवटीला आहे ते बघावं लागतं.

या बोर्डिंगांची घडी साधी होती. दरबाराने जागा द्यायची, इमारतीला हात लावायचा, खर्चाला काही रक्कम बांधून द्यायची. वर्गणी गोळा करणं, मुलं निवडणं, सुपरिंटेंडेंट नेमणं हे समाजाच्या कमिटीने करायचं. मुस्लिम बोर्डिंगच्या बाबतीत समाजातून पुढाकार पुरेसा येईना, तेव्हा मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. पाच वर्षांचा आराखडा असा कागद कुणी केला नव्हता. जागा हाच आराखडा होता. पायाखाली जमीन असली की कमिटी बदलली, वर्गणी आटली, तरी संस्था तगते. शंभर वर्षांनंतरही यातली बोर्डिंगं शहरात उभी आहेत, ती जमिनीच्या जोरावर.

प्राथमिक शिक्षणाचा मार्ग वेगळा. 1917 मध्ये संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत झालं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरला आणि 1918 मध्ये चिखलीला या योजनेतली पहिली शाळा सुरू झाली. इथे मालक सरळ दरबार होता. 1919 च्या सुमारास राजाराम कॉलेज आणि हायस्कूलचा कारभार मात्र महाराजांनी आर्य समाजाकडे सोपवला. शाळा सरकारची आणि चालवणारा बाहेरचा, ही तऱ्हा आज नवी वाटते, पण कोल्हापूरने ती केव्हाच करून पाहिली आहे.

त्याच सुमाराला या भागातून तिसरी वाट फुटली. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं, ही हकिकत इकडे घरोघरी सांगतात. 1919 मध्ये त्यांनी कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. रयतेने कारभारात लाइफ मेंबरची पद्धत घेतली. तिचं मूळ पुण्यात, 1884 च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत. शिकवणारेच संस्थेचे मालक, ठरावीक पगारावर आयुष्याची वीस वर्षं द्यायची, असा तो करार होता. तो सोपा नव्हता. सभासदांनी बाहेरून कमाई करावी की नाही, यावरून वाद विकोपाला गेला आणि 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले.  संस्थेत राहून शिकवण्यांची कमाई करणाऱ्या शिक्षकाचं काय करायचं, हा प्रश्न आजच्या मीटिंगांमध्येही निघतोच.

आराखड्याच्या संदर्भात ज्या माणसाचं नाव आधी घ्यायला हवं, ते शहरात क्वचितच घेतलं जातं. जे. पी. नाईक. जन्म 1907, आजरा तालुक्यातलं बहिरेवाडी. 1940 च्या दशकात त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या प्रशासनात काम केलं, पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत व्ही. टी. पाटलांसोबत ते होते आणि 1964 ते 66 या काळात देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. दिल्लीत बसून देशाची योजना आखायची आणि ती खाली शाळांवर उतरवायची, या उलट्या गंगेला त्यांचा विरोध होता. प्रत्येक शाळेने आपला आराखडा आपण करावा. जादा पैसे न मागता, हाताशी असलेली माणसं, खोल्या, वेळ यातून काय सुधारता येईल ते आधी मांडावं, असं त्यांचं म्हणणं. आयोगाच्या अहवालातही संस्थेच्या पातळीवरच्या नियोजनावर भर आहे. नाईकांच्या मुलखातच ही कल्पना रुजली नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कारण शोधायला फार लांब जायला नको. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि खासगी शाळा अनुदानाच्या छत्राखाली आल्या. पुढे शिक्षकांचा पगार सरकार भरू लागलं तशी संचमान्यता (शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर ते), वैयक्तिक मान्यता (एकेका शिक्षकाच्या नेमणुकीला सरकारची मंजुरी), तुकडीची पटसंख्या ही शाळेची पंचांगं झाली. 1950 च्या विश्वस्त कायद्याने संस्थेची नोंदणी, हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट बंधनकारक केला. जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. 1977 च्या कायद्याने खासगी शाळांतल्या शिक्षकांना मनमानी बडतर्फीपासून संरक्षण आणि शाळा न्यायाधिकरणाचं दार दिलं. शालेय समितीत सेवाज्येष्ठतेने एक शिक्षकही आला. हे सगळं गरजेचंच होतं. पण या घडीत शाळेला वर्षापलीकडचा विचार करायचं कारणच उरलं नाही. पगार येतोय ना, मग आराखडा कशाला? संस्थेतली भांडणं अभ्यासक्रमावरून होईनात. ती चेंज रिपोर्टवरून होऊ लागली. दोन गट, दोन अध्यक्ष, दोन शिक्के आणि मधे मुख्याध्यापक.

अपवाद होते. 1985 मध्ये लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मराठी माध्यमाचं. तिथे सुरुवात मूल कसं शिकतं या प्रश्नापासून झाली आणि कारभार त्याच्या मागून आला. शिक्षक-प्रशिक्षणात उमेदीची वर्षं घालवलेली बाई शाळा काढते तेव्हा हा क्रम उलटत नाही.

बाकी महाराष्ट्रात वारं वेगळ्या दिशेने वाहत होतं. नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित', म्हणजे पुढे कधीच अनुदान मिळणार नाही, या अटीवर परवानग्या मिळत गेल्या. 2009 मध्ये 'कायम' हा शब्द वगळला गेला, आणि त्या एका शब्दाच्या जाण्या-येण्यावर हजारो शिक्षकांची उमेद आंदोलनात गेली. मग 2012 चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. अनुदान मागायचं नाही, शाळा स्वतःच्या हिमतीवर चालवायची. त्याआधी 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रकरणात म्हटलं होतं की विनाअनुदानित संस्थेला फी ठरवण्याची मोकळीक आहे, विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी मात्र नाही. वाजवी कुठे संपतं आणि नफेखोरी कुठे सुरू होते, यावर वकिलांची पुढची वीस वर्षं निघाली.

शिक्षण हक्क कायद्यातली गंमत इथे सांगायलाच हवी. कलम 21 आणि 22 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि त्या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो. महापालिकेच्या शाळेला हे लागू आहे. विनाअनुदानित शाळेला या समितीतून सूट. म्हणजे जिथे इमारत, पगार, बदल्या यातलं काहीच शाळेच्या हातात नाही तिथे आराखडा सक्तीचा, आणि जिथे सगळं हातात आहे तिथे तो ऐच्छिक!

विनाअनुदानित शाळेत पालक शिरले ते फीच्या दारातून. 2011 चा शुल्क विनियमन कायदा 2014 पासून अमलात आला. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची, व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी तिच्यापुढे ठेवायचा, ठरलेली फी दोन वर्षं बांधील. समितीची मुदत मात्र एकच वर्ष. यंदा ज्यांनी आकडा मान्य केला, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसरेच पालक बसतात.

ऑगस्ट 2021 मध्ये करोनामुळे राज्य सरकारने फीत पंधरा टक्के कपातीचा आदेश काढला. नुसत्या फीवर चालणारी शाळा किती उघडी असते ते तेव्हा कळलं. बोर्डिंगांच्या पायाखाली जमीन होती, अनुदानितांच्या मागे तिजोरी होती. विनाअनुदानितांकडे होती जूनमध्ये भरलेली पावती. त्याआधी 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा शहरात शिरली होती. राखीव निधी, कागदपत्रं वरच्या मजल्यावर हलवणं, बसची पर्यायी वाट असे विषय मीटिंगच्या टिपणीत येऊ लागले ते या तीन वर्षांत.

शाळा जूनला भरते, त्यामुळे फीच्या प्रस्तावाची घाई डिसेंबरपर्यंत उरकावी लागते. सहामाही संपलेली असते, गॅदरिंगची तयारी चालू असते, आणि ऑफिसात क्लार्क व मुख्याध्यापक दोन वर्षांचे पगार, वीज, बसचं डिझेल, इमारतीची डागडुजी असे आकडे एका तक्त्यात मांडत बसतात. बऱ्याच शाळांत भविष्याबद्दल लिहिला जाणारा तेवढाच कागद असतो.