खटका की दोन बटणं? जुन्या वळणाचे स्विच निवडताना

नागपुरात महाल भागातला वाडा दुरुस्तीला निघाला किंवा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्याचं रंगकाम सुरू झालं, की पांढऱ्या मॉड्युलर प्लेटा नकोशा वाटतात. मग मोबाइलवर दोन प्रकारचे 'व्हिंटेज' स्विच दिसू लागतात. एकात पितळी पट्टीवर एकाखाली एक अशी दोन गोल बटणं असतात. दुसऱ्यात गोल बैठकीतून छोटा दांडा बाहेर आलेला असतो, म्हणजे आपल्या आजोबांच्या घरातला खटका. फोटोत दोन्ही सारखेच जुने आणि सारखेच देखणे वाटतात. भिंतीत बसवल्यावर मात्र दोघांचं वागणं फार वेगळं.

दोन बटणांचा स्विच अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची काही दशकं तो तिथल्या घरांत सर्रास होता. वरचं बटण दाबलं की दिवा लागतो आणि खालचं टपकन बाहेर येतं; खालचं दाबलं की उलट. चालू करायच्या बटणावर बहुधा शिंपल्याचा पांढरा ठिपका असतो. अंधारात चाचपडणाऱ्याला नियम सोपा आहे: जे बाहेर आलंय ते दाबायचं.

खटका इंग्रजांच्या वाटेने आपल्याकडे आला. जॉन हेन्री होम्स यांनी 1884 मध्ये न्यूकॅसलला झटक्याने तुटणारा स्विच काढला, त्याच घराण्यातला हा. दांडा अर्ध्यावर गेला की आतली स्प्रिंग उरलेलं काम स्वतः करते आणि संपर्क क्षणात तुटतो. संपर्क सावकाश तुटला तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि टोकं जळत जातात. 'खट्' आवाज येतो तो या झटक्याचाच. आपल्याकडे दांडा खाली म्हणजे चालू. अमेरिकेत वर म्हणजे चालू.

आता मुद्द्याचं. दोन बटणांचे जे नवे नग बाहेरून मागवले जातात किंवा अमेरिकेतल्या मुलांच्या बॅगेतून येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर 15 अँपिअर, 120 किंवा 125 व्होल्ट असं कोरलेलं असतं. आपली लाइन 230 व्होल्टची. 'दिव्याला लागतोच किती करंट' हा हिशेब इथे कामाचा नाही, कारण अडचण करंटची नसून व्होल्टेजची आहे. संपर्कातली फट आणि टर्मिनलपासून धातूच्या पट्टीपर्यंतचं अंतर कमी व्होल्टेज धरून ठेवलेलं असतं. आपल्या 230 व्होल्टवर संपर्क तुटताना ठिणगी जास्त टिकते, आत काजळी धरते, आणि एक दिवस बटण बंद असूनही दिवा मिणमिणतो किंवा पितळी प्लेटच झटका देते. असा नग थेट लाइनीवर लावूच नका. फारच जीव जडला असेल तर 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठी लाइन चालू-बंद करणारा विजेचा स्विच) घालून त्याच्याकडून फक्त इशाऱ्याचं काम घेता येतं. पण एका दिव्यासाठी हा खटाटोप बहुतेकांना परवडत नाही.

250 व्होल्ट लिहिलेला दोन बटणांचा नग मिळाला तरी जागेचा प्रश्न उरतो. अमेरिकी मापात एका स्विचची प्लेट 70 मिलिमीटर रुंद आणि पुढच्या प्रत्येक स्विचला 46 मिलिमीटर जास्त. आपल्या बैठकीत एका बोर्डावर ट्यूब, दोन दिवे, पंखा, सॉकेट, कूलर असे सहा पॉइंट सहज होतात. म्हणजे 300 मिलिमीटर, फूटभर लांब पितळ. स्क्रूची भोकं आपल्या मॉड्युलर डब्याशी जुळत नाहीत, मागचा सांगाडाही खोल असतो, म्हणून वेगळा खोल लोखंडी डबा चिणावा लागतो. जुन्या चुन्याच्या भिंतीत एवढा खड्डा पाडला की भोवतीचं प्लास्टर ढासळतं.

खटक्याचं काम त्यामानाने सुटसुटीत आहे. गोल लाकडी ब्लॉक भिंतीवर, त्यावर खटका. लाकडी पट्टीतून वायरिंग उघडं ठेवायचं असेल तर तोडफोड जवळजवळ नाहीच. ब्लॉक सागवानी घ्या. बल्लारशाचा साग आपल्या दारात असताना हलक्या लाकडाला वाळवी लावून घेण्यात काही शहाणपण नाही. चुन्याच्या भिंतीत प्लॅस्टिकचा प्लग सैल बसतो. लांब स्क्रू घेऊन विटेपर्यंत जा, सांध्यात अडकवू नका. बैठक चिनी मातीची असेल तर स्क्रू हाताने, बेताने पिळा. ड्रिलने करकचून आवळली की बारीक तडा जातो आणि तो झाकण लागल्यावर दिसत नाही.

खटक्यातही नकली माल असतोच. दुकानात दांडा बोटाने अगदी सावकाश वर न्या आणि मध्ये थांबवून बघा. तो मध्ये उभा राहिला तर नग परत करा, त्यात झटक्याची स्प्रिंग नाही किंवा मेलेली आहे. चांगला खटका मध्ये ठरतच नाही. मग पाठ बघा: 250 व्होल्ट, 6 किंवा 16 अँपिअर, आणि आयएसआय चिन्हासोबत आयएस 3854. भंगारातून आलेल्या अस्सल बेकेलाइटच्या (जुन्या कडक प्लॅस्टिकच्या) खटक्यांवर भुलू नका. झाकण सुंदर असतं, पण आतलं पितळ थकलेलं असतं. झाकण वापरा, यंत्रणा नवी टाका.

तिसरा एक तोतया दोघांच्या गर्दीत घुसतो: एकच पितळी बटण असलेला नग. तो बहुधा बेलचा पुश निघतो. बोट उचललं की दिवा गेला. मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन टर्मिनलना लावा, बटण दाबून सोडा. सोडल्यावरही बीप चालू राहिली तरच तो दिव्याचा स्विच.

जिन्यासाठी दोन्हीकडून चालणारा स्विच हवा असेल तर अमेरिकी डब्यावर 'थ्री-वे' लिहिलेला घ्यावा लागतो. आपला टू-वे तोच, तीन टर्मिनलचा. तिथला 'फोर-वे' मधल्या मजल्याचा, म्हणजे आपला इंटरमीडिएट. ऑर्डर देताना इथे हमखास गोंधळ होतो.

आमचं मत विचाराल तर सगळ्या घराला खटके, आणि हौस म्हणून प्रवेशदाराशी किंवा देवघराशी एखादा 250 व्होल्टचा दोन बटणांचा नग. कूलरला मात्र यातलं 6 अँपिअरचं काहीच देऊ नका. मे महिन्यात तो पंप आणि मोटर घेऊन दिवसरात्र चालतो, मोटर बंद करताना ठिणगी दिव्यापेक्षा मोठी पडते, आणि टोकं चिकटली की स्विच बंद करूनही कूलर थांबत नाही. त्याला 16 अँपिअरचा साधा स्विच आणि सॉकेट, तेही खिडकीजवळ नजरेआड. पंख्याच्या रेग्युलेटरला दोन्हीत जागा नसते; तो वेगळ्या बोर्डावर जातो, हे आधीच धरून चला.

वायरमनकडून तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. स्विच फेजच्या वायरीतच हवा, न्यूट्रलमध्ये नको. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. आणि प्रत्येक पितळी प्लेटला हिरवी अर्थिंगची वायर स्क्रूखाली पक्की हवी. जुन्या वाड्यांत अर्थिंगच नसतं, तेव्हा आधी ते आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच), मग पितळ.

आणि पितळ आलं म्हणजे घासणं आलं. भिंतीवरच्या प्लेटला ओली पावडर किंवा चिंच लावू नका, पाणी दांड्याच्या फटीतून आत उतरतं. मेन बंद करा, प्लेट उतरवा, बाहेर घासा, पूर्ण कोरडी झाल्यावरच लावा आणि अर्थिंगचा स्क्रू पुन्हा आवळा.