गंगाधर (शक्तिमान मालिकेतला)

गंगाधर म्हणजे दूरदर्शनवरच्या शक्तिमान मालिकेतल्या सुपरहिरोचं चारचौघात वावरायचं रूप. पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, आणि हे न अडखळता एका दमात म्हणून दाखवलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांत तेव्हा भाव मिळायचा. मालिका १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झाली आणि २७ मार्च २००५ ला संपली. दोन्ही रोल मुकेश खन्नांचेच, म्हणजे आधीच्या महाभारतातले भीष्म, आणि दिग्दर्शक दिनकर जानी.

शक्तिमानची ताकद कुठल्या लॅबमधून आलेली नव्हती, सूर्यांशी गुरूंच्या हाताखाली योग करून सात चक्रं जागी केली तिथून ती आली, त्यामुळे घरातली म्हातारी माणसंही फार कुरकुर न करता बघायला बसायची. पण गंगाधर बघायला गेलं तर कामातनं गेलेला माणूस. दात पुढं, चष्मा, अंगात नुसता गबाळेपणा, बोलणं एकदम पुस्तकी हिंदी. आज की आवाज नावाच्या पेपरात फोटोग्राफर, तिथंच गीता विश्वास रिपोर्टर (आधी किटू गिडवानी, नंतर वैष्णवी महंत). गीताचा जीव शक्तिमानवर, आणि शक्तिमान चष्मा लावून शेजारीच उभा, तिची बोलणी खात. खरं काय ते सांगावं तर मालिकेतला खलनायक तमराज किल्विश, त्याची माणसं उद्या तिच्यावर उठणार, नाही सांगावं तर जन्मभर येडा ठरायचं. साचा सुपरमॅनच्या क्लार्क केंटचाच आहे, पेपर ऑफिससकट, पण क्लार्क नुसता बुजरा दिसतो आणि गंगाधर मुद्दाम स्वतःचं हसं करून घेतो, हा फरक मोठा हाय की.

पुढं परदेशी मालिकांत हा घरचा ताण जास्त उघडा आला. २०१२ च्या ॲरोमधला ऑलिव्हर क्वीन आई-बहिणीपासून सगळं लपवतो, २०१५ च्या डेअरडेव्हिलमधला मॅट मर्डॉक दिवसा वकील, रात्री मार खाऊन घरी येतो आणि पार्टनर फॉगीला कळतं तेव्हा दोस्तीच मोडायला येते. गंगाधरला असं रडायला कधी फारसं मिळालं नाही, त्याचं दुःख सगळं विनोदात घालवलं, मालिका पोरांची होती म्हणून असेल.

सीमाभागात ही मालिका चालली त्याला अजून एक कारण. मराठी घरात सह्याद्री, कन्नड घरात दूरदर्शनचंच कन्नड चॅनेल चंदना, पण शक्तिमान हिंदीत, दोघांचाही आणि कुणाचाच नाही. गल्लीतली मराठी आणि कन्नड पोरं एकाच टीव्हीपुढं बसायची, लाईट गेली की एकत्रच शिव्या घालायची. नंतर अंगणात शक्तिमानसारखं हात वर करून गरागरा फिरायचं, चक्कर येऊन पडायचं, आणि कोण शक्तिमान, कोण किल्विश यावरनं भांडण. गंगाधर व्हायला मात्र कुणीच तयार नसायचं. आणि खरं तर घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, माणूस बघून बोलणं बदलायचं, हे इथल्या आई-बापांचं रोजचंच, म्हणजे गंगाधर घरोघरी होताच, फक्त उडता येत नव्हतं.

वादही झाला. शक्तिमान वाचवायला येईल म्हणून पोरं जिवावरचे प्रकार करतात अशा बातम्या पेपरात आल्या, मग खन्नांनी स्वतः पडद्यावर येऊन असलं काही करू नका म्हणून सांगितलं. एपिसोडच्या शेवटी चुकलेलं पोर "सॉरी शक्तिमान" म्हणायचं, ते तर घराघरात चेष्टेचं वाक्य झालं, आई रागावली की पहिलं तेच तोंडात यायचं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मालिका परत दाखवली. उडायचे, मारामारीचे सीन आता बघवत नाहीत, पण पेपर ऑफिसातली गंगाधरची धांदल अजून चालते. २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर सिनेमा काढणार असं जाहीर केलं, त्यात नवा हिरो ते पुढचे दात लावून घ्यायला तयार होईल का, ही खरी शंका.