फाइव्ह-जी टॉवरचं घड्याळ

फोर-जीच्या टॉवरवर फाइव्ह-जीचा अँटेना चढवला की काम झालं, असं अनेकांना वाटतं. अँटेना, वीज, फायबर यांची आखणी लागतेच; पण खरी कसोटी घड्याळाची.

बऱ्याच फोर-जी नेटवर्कमध्ये पाठवायची आणि ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. तिथे टॉवरची वेळ जुळली नाही तरी चालतं. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी पट्ट्यात मात्र दोन्हीला फ्रिक्वेन्सी एकच. टॉवर काही क्षण बोलतो, मग थांबून फोनचं ऐकतो, प्रचलित रचनेत हे चक्र २.५ मिलिसेकंदांचं असतं.

बोलणं थांबवून ऐकायला लागताना मधे सुमारे ७१ मायक्रोसेकंदांची (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) मोकळीक ठेवता येते. ऐकून पुन्हा बोलायला लागताना ती जेमतेम १३. त्यातले १० पर्यंत ट्रान्समीटर चालू-बंद होण्यातच जातात. उरले ३. म्हणून शेजारच्या दोन टॉवरांच्या घड्याळांत ३ मायक्रोसेकंदांहून जास्त फरक नको, म्हणजेच प्रत्येकाची चूक प्रमाणवेळेपासून १.५ च्या आत हवी.

एखादं घड्याळ याहून पुढे गेलं, की शेजारी अजून ऐकत असतानाच हा टॉवर बोलू लागतो. त्याची ताकद २०० वॅट, फोनची ०.२. फोनचा आवाज त्यात बुडतो. स्क्रीनवर सिग्नल भरपूर, पण अपलोड अडकलेलं. आणि तक्रारी येतात त्या निर्दोष शेजाऱ्याच्या भागातून! घड्याळ मागे पडलं, तर मात्र त्रास ज्याचा त्यालाच.

म्हणून प्रत्येक टॉवरवर मोकळ्या आकाशाखाली, उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारा जीपीएस अँटेना बसवा आणि केबलचा विलंब सेटिंगमध्ये भरा: मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद. दुसरा आधार म्हणून फायबरवरून पीटीपीने (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवण्याची पद्धत) वेळ आणा. पीटीपी जाण्या-येण्याचा विलंब सारखाच धरतं. जायची आणि यायची फायबर यांच्या लांबीत २०० मीटरचा फरक असेल तर एका बाजूचा विलंब एक मायक्रोसेकंदाने वाढतो आणि वेळ अर्ध्या मायक्रोसेकंदाने चुकते. अलार्म वाजत नाही. टॉवर सुरू करतानाच ही वेळ जीपीएसशी ताडून दुरुस्ती भरावी लागते. वाटेतला एखादा जुना स्विच पीटीपी पाळणारा नसेल, तर त्याचा विलंब गर्दीप्रमाणे बदलत राहतो. हा प्रश्न दुरुस्ती भरून सुटत नाही, स्विच बदलावाच लागतो.

दोन्ही आधार तुटले तर टॉवरच्या घड्याळातला चांगला क्रिस्टल काही तास तग धरतो. त्यानंतर टॉवरचा रेडिओ आपोआप बंद होईल अशी सेटिंग आधीच करून ठेवावी.