बीगल कोणत्या रकान्यात मोजायचा?

अमेरिकेत कुत्री-मांजरं प्रयोगासाठी वापरणाऱ्या संस्थांना दरवर्षी १ डिसेंबरपर्यंत कृषी खात्याकडे ७०२३ क्रमांकाचा फॉर्म भरून द्यावा लागतो. हिशेबाचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. आडव्या ओळीत प्राणी, उभ्या रकान्यात वेदना, आणि खाली संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही. आकडे कोणालाही पाहता येतात, पण वाचताना फसायला होतं.

‘बी’ रकान्यात नुसते पाळून ठेवलेले, अजून न वापरलेले प्राणी. ‘सी’मध्ये वेदना नसलेले किंवा क्षणिक टोचण्यापुरतीच वेदना झालेले. ‘डी’मध्ये त्रासदायक प्रक्रिया झाली, पण भूल किंवा वेदनाशामक दिलं. ‘ई’मध्ये त्रास झाला आणि औषध दिलं नाही. वेदना किती, हे ठरवायची कसोटी माणसाची: हेच माणसावर केलं असतं तर किरकोळ टोचण्यापेक्षा जास्त दुखलं असतं का?

समजा, एका बीगल जातीच्या कुत्र्याचं महिनाभर फक्त रक्त काढलं, तो ‘सी’. त्याच्यावर भूल देऊन शस्त्रक्रिया झाली की ‘डी’. विषारीपणाच्या चाचणीत वेदनाशामकाने निष्कर्ष बिघडेल म्हणून ते दिलंच नाही, तर ‘ई’. वर्षभरात तिन्ही झालं तरी कुत्रा एकदाच मोजायचा, तोही सर्वांत वरच्या वेदनेच्या रकान्यात. पुढच्या वर्षी तोच कुत्रा पुन्हा वापरला तर तो पुन्हा मोजला जातो. म्हणून पाच वर्षांचे आकडे जोडून ‘इतके कुत्रे’ म्हणणं चूक. आणखी एक गफलत: एकूण बेरजेत ‘सी’, ‘डी’, ‘ई’ येतात, ‘बी’ येत नाही. पिंजऱ्यांत शंभर कुत्री असली आणि वापरली दहाच, तर बेरीज दहाच दिसते.

मेले किती, दत्तक किती गेले, याला रकानाच नाही. नियमानुसार वेदनारहित मृत्यू देऊन अवयव काढले, तर तो प्राणी ‘सी’मध्येच बसतो. ‘सी’ म्हणजे सुखरूप, असं समजणारे इथेच चुकतात. आणि उंदीर? प्रयोगासाठी पैदास केलेले लहान-मोठे उंदीर (माउस आणि रॅट) आणि पक्षी या अहवालामागच्या प्राणी कल्याण कायद्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येतच नाहीत. २००२ पासून तर स्पष्ट शब्दांत वगळलेले. त्यामुळे सर्वांत मोठी संख्या या तक्त्याबाहेरच राहते.

कुत्र्या-मांजरांकडे मात्र पहिल्यापासून लक्ष होतं. १९६५ मध्ये पेपर नावाची घरची दाल्मेशियन कुत्री चोरीला गेली आणि न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात प्रयोगात मेली. त्या संतापातून १९६६ मध्ये हा कायदा झाला. पाळीव प्राण्यांची चोरी थांबवणं हा त्याचा एक प्रमुख मूळ हेतू.

ब्रिटनची पद्धत वेगळी. तिथे दरवर्षी प्राण्यांपेक्षा प्रक्रिया मोजतात आणि त्रास प्रत्यक्षात किती झाला, सौम्य, मध्यम की तीव्र, ते प्रयोगानंतर नोंदवतात. शिवाय परवाना मिळालेल्या प्रकल्पांचे सोप्या भाषेतले सारांश प्रसिद्ध होतात. अमेरिकी तक्ता प्रयोग कशाचा होता हे सांगत नाही.

हे कागद वेबसाइटवर राहतीलच, याची हमी नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कृषी खात्याने तपासणी अहवालांसकट ते काढून टाकले होते. काही थोड्याच दिवसांत परत आले, बाकीचे संसदेने आदेश दिल्यावर २०२० मध्ये.

एखाद्या संस्थेचा अहवाल उघडलात, तर आधी ‘ई’ पाहा. तिथे आकडा असेल तर सोबत खुलासा जोडलेला असायलाच हवा: काय केलं, औषध का दिलं नाही, आणि एखाद्या नियमाने ती चाचणी मागितली असेल तर तो नियम कोणता. अख्ख्या अहवालात प्रयोगाबद्दल थेट काही सांगणारा मजकूर बहुधा तेवढाच.